गाडी माझ्या नावावर आहे

केळवे, १४ नोव्हेंबर १९६६

प्रिय सुलू,

शनिवारी दुपारी बोर्डिंगच्या मागच्या अंगणात आपण दोघी चादरी पिळायचो, ते आज डोळ्यांपुढे आलं. एक टोक माझ्या हातात, दुसरं तुझ्या. तू तेव्हा एवढीशी. मी ज्या बाजूला पीळ द्यायची त्याच बाजूला तूही द्यायचीस आणि चादर तशीच ओली लोंबत राहायची. सिस्टर बेनेडिक्टा वरच्या खिडकीतून ओरडायची, "सुलोचना, उलट! बहिणीच्या उलट!" मग तू जीभ दातात धरून उलट फिरवायचीस, आणि सगळं पाणी तुझ्याच बुटांवर. ओल्या बुटांनीच तू चॅपेलमध्ये यायचीस, आणि प्रार्थना चालू असताना तुझे बूट पचपच वाजायचे. मला हसू आवरायचं नाही. शिक्षा मात्र मला, कारण मी मोठी.

आठवायला निमित्त काही विशेष नाही. गाडीच्या मागच्या सीटची खोळ धुवायला काढली होती. जाड कापड, एकटीच्याने पिळवेना.

इकडे सगळं ठीक. यांचा खोकला थंडीबरोबर सुरू झाला आहे. पानवेलीला लागलेली मर अजून हटत नाही, पण नारळ बरे आहेत. गाडी सध्या उभी आहे. आमचा ड्रायव्हर भिका, माकुणसारचा, तू माहीमच्या लग्नात पाहिला होतास, तोही सध्या येत नाही. असो.

माहीमच्या लग्नानंतर तुझं पत्र नाही. मे महिना गेला, पाऊस गेला, दिवाळी गेली. मला माहीत आहे तू का लिहीत नाहीस, आणि तुलाही माहीत आहे की मला माहीत आहे. म्हणून सरळच लिहिते. तू हळदीच्या दिवशी बायकांत बसून वर्सोव्याची गंमत सांगितलीस. कमलाकांतरावांनी हौसेने गाडी ओल्या वाळूवर उतरवली, चाकं रुतली, भरती आली, तुम्ही दोघं टपावर चढून बसलात आणि शेवटी कोळ्यांनी बैल लावून गाडी बाहेर ओढली. घरी जाताना तुझ्या पदरातून खेकडा निघाला. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, आणि मग विचारलं, "कुठली गाडी गं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि हातातली हळद पातेल्यात ठेवून आत निघून गेलीस.

तीच गाडी ना? आम्हाला विकलेली?

मला भांडायचं नाही. फक्त एवढं लिहून पाठव की पाणी कुठवर चढलं होतं आणि ते कधीचं. चार ओळी पुरेत. कमलाकांतरावांना नमस्कार. मुलीला पापा.

तुझी,
मनूताई


केळवे, ८ डिसेंबर १९६६

प्रिय सुलू,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात मी 'सगळं ठीक' असं लिहिलं, तशी आपल्याला सवयच लावली होती. बोर्डिंगातून घरी पत्र जाताना सिस्टर वाचून पाहायच्या, आणि ताप असला तरी आपण 'मी मजेत आहे' असं लिहायचो. आता या वयात ती सवय मोडते.

काही ठीक नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भिका बोईसर स्टेशनावरून भाड्याने दोन इंजिनियरांना घेऊन तारापूरला निघाला होता. अणुवीज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला खडी घालायचं काम चालू आहे. वळणावर डोंगरातल्या बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. भिकाने ब्रेक दाबला तो पार तळाला गेला. त्याने गाडी खडीच्या ढिगावर घातली. सगळ्या सरकल्या, एक सरकली नाही. तिचं नाव नवसी. ढीग आणि गाडी यांच्यामध्ये तिचा पाय सापडला. गाडीची मागची सीट उपटून तिच्यावर तिला निजवली आणि मुकादमाच्या ट्रकमधून पालघरच्या दवाखान्यात नेली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी खोळ का धुवत होते ते आता तुला कळलं असेल.

भिकावर खटला भरला आहे. बेदरकारपणे गाडी हाकून माणसाला जबर जखमी केलं, असा. जामिनावर सुटला आहे. पोलिसांनी म्हटलं, "ब्रेक गेला? पकडलेल्या प्रत्येकाचा ब्रेकच गेलेला असतो." ब्रेकच्या तेलाची नळी फुटलेली आहे. ती आधी फुटली की अपघातात, हे सांगता येत नाही असं त्यांच्या मिस्त्रीने लिहून दिलं.

पालघरचे बळवंतराव वकील आमचं काम पाहतात. त्यांनी गाडी उलटीपालटी करवून पाहिली. नळी बाहेरून दिसते तिथे धड आहे. जिथे ती गाडीच्या सांगाड्याला लागून आत जाते, तिथे तिचा भुगा झाला आहे. बोटाने दाबली तर राखेसारखी झडते. ते म्हणाले, "मनोरमाबाई, हे वर्षा-दोन वर्षांचं गंजणं नव्हे. ही गाडी मिठात मुरली आहे. एवढं सिद्ध झालं तर भिकाही सुटेल आणि तुमचे पैसेही परत मिळतील. कारण कमलाकांतरावांनी चारचौघांत सांगितलंय, 'हिला मी पावसातसुद्धा बाहेर काढत नाही.' खोटं सांगून विकलेली वस्तू कायद्याने परत करता येते."

म्हणून त्यांनी तुमच्याकडे नोटीस पाठवली. तुला त्या घरात कुणी दाखवली की नाही, कोण जाणे. तिला उत्तर आलं आहे, मोठ्या वकिलाचं. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, गाडी कधीही समुद्राजवळ नेलेली नव्हती. दुसरी वाचून हे माझ्यासमोर खाली बसले.

ती मी सांगते, कारण ती आमच्याच घरातली आहे. तुला केळव्याची पानबाजाराची रीत माहीत नाही, तू लग्न करून मुंबईत गेलीस. आमच्याकडे पानांची करंडी भरली की व्यापाऱ्याला वरची चळत तेवढी दाखवतात. व्यापारी खाली हात घालत नाही. घातला तर मळेवाला करंडी उचलून घरी चालू लागतो, आणि पुन्हा त्या व्यापाऱ्याला पान देत नाही. पण खाली नासकी पानं निघालीच, तर मळेवाला पुढच्या खेपेला तेवढी पानं न सांगता जास्त भरतो. तोंडाने कुणी काही बोलत नाही. हे याच रीतीत वाढले, यांचे वडील याच रीतीत गेले.

गेल्या वर्षी दसऱ्याला तुमच्या दारात गाडी घेताना कमलाकांतराव शेजाऱ्यांसमोर म्हणाले होते, "दिनानाथराव, एखाद्या मिस्त्रीला दाखवून घ्या हो." तू तेव्हा ओवाळायला तबक घेऊन उभी होतीस. तेव्हा हे म्हणाले, "साडूची करंडी! खाली हात घालू होय?" सगळे हसले. कमलाकांतरावही हसले.

ते वाक्य आता त्या उत्तरात टाइप केलेलं आहे. घेणाऱ्याला तपासायची संधी दिली होती, त्याने ती साक्षीदारांसमोर नाकारली. बळवंतराव म्हणतात, यामुळे आपली बाजू लंगडी झाली. वस्तू पाहून घेणं हे घेणाऱ्याचं काम, असं कायदा धरून चालतो. पुढच्या खेपेला जास्त पानं भरण्याचं कलम त्यात नाही.

सुलू, वर्सोव्याला त्या टपावर चढून बसलेली दोनच माणसं होती. एक म्हणतो, आम्ही गेलोच नाही. दुसरी तू.

मनूताई


केळवे, १९ जानेवारी १९६७

प्रिय सुलू,

तुझं कार्ड मिळालं. 'थंडी फार आहे, तब्येतीला जप.' मी ते उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. अक्षर तुझंच आहे. काना अजून वरून खाली न काढता खालून वर काढतेस. तू जिवंत आहेस आणि तुझा हात लिहू शकतो, एवढं कळलं. त्याचाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आता तुला आमची एक फजिती सांगते. गाडीचं दार आतून खोललं, तर तळाशी मूठभर वाळू आणि बारीक शिंपले निघाले. हे लहान मुलासारखे नाचले. वर्तमानपत्रात पुडी बांधून बळवंतरावांकडे घेऊन गेले. ते पुडीकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "दिनानाथराव, तुमचं घर कुठे आहे?" हे म्हणाले, "केळव्याला." "समुद्रापासून किती लांब?" यांनी पुडी उचलली आणि परत आणली. आमच्या घरात तांदूळ निवडताना वाळू निघते, गादी झटकली तर वाळू निघते. कोण कोर्टात विचारणार की ही वाळू वर्सोव्याची की केळव्याची?

काल भिकाची बायको चिमी आली होती. ओटीवर बसली नाही, पायरीवर उभी राहिली. हे म्हणाले, "बस गो, चहा घे." ती म्हणाली, "चाय नको, भाऊ. माज्या दादल्याचा काय ता सांगा."

हे म्हणाले, "वकील खटपट करतायत. गाडीत खोट होती, ते सिद्ध व्हायला हवं."

ती म्हणाली, "गाडीचाच बोलता तुमी. गाडी बिघडली तं नवी घ्याल. माजा दादला तुरुंगात बसून बिघडला तं कोनाकरं बदलून मागू?"

मी तिच्या पदरात नारळ घातले, तर तिने ते पायरीवर एक एक करून परत मांडून ठेवले आणि निघून गेली. इतक्या शांतपणे ठेवले, सुलू, की एकही घरंगळला नाही.

मी दवाखान्यात नवसीलाही भेटून आले. मला वाटलं, शिव्या देईल. तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि विचारलं, "तूच का त्या गाडीवाली?" मी हो म्हटलं. "तुजा डायवर लय बोंबलला," ती म्हणाली. "'सरा, सरा' करीत हात भायेर काढून. मी पाटी टाकली नाय, म्हनून सापडले. पाटी टाकली तं मुकादम दिसाचा रोज कापतो." मग भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिच्या पायांशी बसले होते. पायाशी म्हणायला हवं आता.

पोलिसांच्या कागदात तिचं हे बोलणं नाही. बळवंतराव तिला विचारणार आहेत. पण ते म्हणतात, यातून ब्रेक गेला एवढंच दिसेल. का गेला, आणि भिकाला ते आधी कळण्यासारखं होतं की नव्हतं, ते दिसणार नाही. त्यासाठी ज्याने गाडी पाण्यात पाहिली, असा माणूस हवा.

नवऱ्याने बायकोला खाजगीत सांगितलेली गोष्ट कोर्ट तिला बोलायला लावत नाही, हेही मी विचारून घेतलं. तुला काही फोडायचं नाही. तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसलं, पदर ओला झाला, खेकडा निघाला, बैल लावले, तेवढंच. मला सांगितलंस तसंच हसत सांगितलंस तरी चालेल.

मनूताई


केळवे, २२ फेब्रुवारी १९६७

सुलू,

रविवारी कमलाकांतराव येऊन गेले. तू त्यांना पाठवलंस की तुला न सांगता आले, ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्यासाठी तुझ्या हातच्या करंज्या आणल्या होत्या. डबा तुझाच, झाकणाला पोचा आहे तो. मी एक खाल्ली. त्यानंतर ते बोलू लागले, आणि मग डबा तसाच राहिला.

स्टँपपेपर तयार करूनच आणला होता. ते गाडी परत घेतील आणि सगळी किंमत परत देतील, नात्याखातर. खाली लिहिलं होतं की घेतेवेळी गाडी सर्व प्रकारे सुस्थितीत होती, आणि पुढे झालेला बिघाड चालकाच्या हयगयीमुळे झाला. गाडी माझ्या पाटल्या मोडून घेतली म्हणून यांनी कौतुकाने माझ्या नावावर केली होती. त्यामुळे सही माझी हवी.

"ताई, तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. झोकदार सही असते तुमची. ही इथे एक करा आणि मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, "गाडी सुस्थितीत होती तर परत का घेता?"

"नातं म्हणून. फसवणुकीचा दावा लागला तर माझ्या नोकरीवर येईल. विमा कंपनीत आहे मी. तुमच्या बहिणीचंच घर बसेल."

"आणि भिका?"

"ड्रायव्हर आहे तो. रोज ब्रेक बघणं त्याचंच काम. फार तर काही महिने. ही माणसं राहतात हो. आपल्यासारखं नसतं त्यांचं."

"वर्सोव्याला गेला होतात ना तुम्ही?"

त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "दिनानाथराव, बायकांच्या हळदीतल्या गप्पा कोर्टात नेणार तुम्ही?"

हे हळूच मला म्हणाले, "मनू, साडू आहे तो माझा. स्वतः येऊन माल परत घेतोय. आपल्या रीतीत याहून जास्त काय असतं? कर सही."

मी म्हटलं, "आपल्या रीतीत मळेवाला नासकी पानं दुसऱ्याच्या करंडीत भरतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपली नासकी पानं भिकाच्या करंडीत."

हे उठले आणि वाडीत गेले. कमलाकांतरावांनी पेनाला टोपण लावलं, पण कागद ठेवून गेले. जाताना दारात म्हणाले, "सुलूला सांगतो, तुमच्या ताईंनी करंज्या खाल्ल्या नाहीत म्हणून." मी म्हटलं, "एक खाल्ली. खोबरं जरा खवट होतं, तेही सांगा." असं बोलायला नको होतं. खोबरं चांगलं होतं, सुलू.

आता घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. हे वाडीतल्या खोपीत जेवतात, ताट नेऊन द्यायचं आणि रिकामं आणायचं. ते वाईट नाहीत. वाळूची पुडी घेऊन नाचणारा माणूस वाईट असतो का? त्यांना फक्त आपल्या माणसासमोर कोर्टात उभं राहवत नाही. तो कागद देवघराच्या फळीवर आहे. मी दिवा लावते आणि तो दिसतो.

सही केली तर पाटल्यांचे पैसे परत, हे परत ओटीवर, तुझं घर सुरक्षित, आणि तूही कदाचित मला पत्र लिहिशील. या सगळ्यांच्या समोर एकटा भिका आहे. मी पेन उघडून बसले होते. खरंच बसले होते. तुला खोटं वाटू नये म्हणून लिहिते.

एकदा ये गं. केळवे रोड स्टेशनावर उतर, मी टांगा घेऊन उभी राहीन. कोर्टाचं नाव काढणार नाही. नुसती ये आणि माझ्याजवळ बस.

मनू


केळवे, १७ मार्च १९६७

सुलू,

मी रोज स्टेशनावर गेले नाही. असं लिहावंसं वाटलं, पण गेले. दुपारच्या गाडीला.

सोमवारी भिकाच्या खटल्याची तारीख आहे. माझी साक्ष होईल. तुला आजवर जे सांगितलं नाही, ते तिथे सांगणार आहे, म्हणून आधी तुला.

अपघाताच्या सकाळी भिकाने गाडी अंगणातून काढली आणि परत आत आणली. म्हणाला, "वैनी, ब्रेक परत नरम लागतो. मी आज नाय नेत." त्याआधी दोनदा पालघरच्या मिस्त्रीने तेल भरून, रबर बदलून 'आता काही नाही' म्हणून दिली होती. हे ओटीवरून म्हणाले, "साहेब लोक स्टेशनावर उभे आहेत, पहिलंच मोठं काम, हातचं जाईल. हळू ने." भिका माझ्याकडे बघत राहिला, कारण गाडी माझी. मी म्हटलं, "हळू ने, भिका." तो गेला. तो हळूच नेत होता.

बळवंतरावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "हे कोर्टात बोललात तर भिकाच्या गळ्यातला दोर ढिला होईल, पण तुमच्या गळ्यात येईल. मालकाने बिघडलेली गाडी जाणून रस्त्यावर पाठवली, असं होईल ते. तुम्हालाही आरोपी करू शकतात. आणि तुमचा फसवणुकीचा दावा तर बुडालाच." मी विचारलं, "भिका सुटेल?" ते म्हणाले, "ब्रेक मुळात का कुजला हे कुणी सांगितलं, तर नक्की. नाही सांगितलं, तर सांगता येत नाही."

यांना मी सकाळी खोपीत जाऊन सांगितलं. त्यांनी पानं खुडत खुडत ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाले, "माझं नाव घेशील?" मी म्हटलं, "गाडी माझ्या नावावर आहे. 'हळू ने' मीही म्हटलं. माझं पुरे." त्यांनी खुडलेली पानं तशीच मांडीवर ठेवली. "मी बोललो ते पण सांग," म्हणाले. मग खोकला आला, म्हणून मी पाणी दिलं. सोमवारी बरोबर येतील की नाही, हे अजून कळत नाही.

स्टँपपेपर मी फाडला नाही. सही न करता कमलाकांतरावांच्या नावाने पोस्टात टाकला आहे.

सोमवारनंतर घरी परत कधी येईन ते ठाऊक नाही, आणि आले तर कशा घरात, तेही नाही. म्हणून वस्तूंचं लिहून ठेवते. तू दूर आहेस म्हणूनच तुला लिहिते. इथे कुणाला सांगितलं तर रडारड होईल.

कोर्टाने गाडी विकायची मोकळीक दिली की तिचं लोखंड विकायचं. जे येईल ते नवसीला. तिच्या हातात, मुकादमाच्या नव्हे, आणि तिच्या गावातला एखादा जाणता माणूस समोर ठेवून. तिला कुबडी मिळाली आहे, पण ती उंचीला मोठी आहे. बळवंतरावांना सांगितलं आहे, कापून घ्या म्हणून.

माझं शिवणाचं यंत्र चिमीला. नारळांसारखं परत करील, म्हणून तिला देणं म्हणू नका. तिच्याकडे ठेवायला म्हणून पाठवा आणि मागू नका.

कपाटाची किल्ली यांच्याकडे. खोकल्याची बाटली वरच्या फळीवर, लाल बुचाची. निळ्या बुचाची नव्हे, ती पायाला लावायची आहे.

पुस्तकं बोर्डिंगच्या सिस्टरांना. घेतील की नाही माहीत नाही, पाठवून पाहा.

आईची नथ तुझ्या मुलीला. तिला आत्ता देऊ नका, मोठी झाल्यावर द्या, आणि कुणाकडून आली ते सांगा.

तुला मी काही देत नाही. तुझ्यासाठी कोर्टाचं समन्स येईल. आरोपीकडून साक्षीदार म्हणून बळवंतरावांनी तुझं नाव दिलं आहे, मी सांगितलं म्हणून. तुझं लग्नानंतरचं पूर्ण नाव, चाळीचं नाव, मजला, खोली, सगळं मी नीट लिहून दिलं. कमलाकांतराव नऊला ऑफिसला जातात, तेव्हा समन्स आणणाऱ्या बेलिफाला त्यानंतर येता येईल का, हेही विचारलं. तसं सांगता येत नाही, बळवंतराव म्हणाले. तेव्हा यापुढे दार वाजलं, सुलू, तर कोण आलंय ते बघायला तू स्वतः ऊठ.

मनूताई